एक ट्रक एल्डन

गोदामाच्या मागच्या दाराला ट्रक उलटा लावा, म्हणाले.
लावला.
एका बाजूला टायरवाला, दुसरीकडे मासे गोठवणारा कारखाना,
मधल्या या पत्र्याखाली
बाबा नऊ आठवडे होते.

आत ठेवलं तेव्हा नोव्हेंबर होता.
खाली लाकडाचा भुगा, वर पेंढा, लसूणघास.
गाईची वैरण घालताय का त्याला, आई म्हणाली,
आणि डेझमंड, तिथला पोरगा,
हसावं की नाही या विचारात
फावडं धरून उभा राहिला.
सुती शर्ट चालेल, बटणं चालणार नाहीत.
मग तिनं पर्समधून नखं कापायची कात्री काढली
आणि चौकड्याच्या शर्टाची सातही बटणं
नवऱ्याच्या अंगावरच उसवली,
एकेक, सावकाश,
जसं काही तो मधेच म्हणेल:
मायर्टल, गुदगुल्या होतायत.

ग्रेडी आला नाही.
त्याला ओकची पेटी हवी होती, आजोबांशेजारची जागा,
सिमेंटच्या चौकटीत कोरडा ठेवलेला बाप.
फोनवर म्हणाला, मातेरं केलंस तू त्यांचं.
मी म्हटलं, हो. तेच.

दर सोमवारी डेझमंडला विचारायचे: आज किती?
सासष्ट, म्हणायचा. अडुसष्ट.
आईला सांगितलं तर म्हणाली,
बेचाळीस वर्षं बर्फासारखे पाय
माझ्या पोटऱ्यांना लावून झोपला,
आणि आता बघा.

अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस गेला होता आत,
आला तो ट्रक भरून. टायर दबले.
खुब्यातला टायटॅनियमचा सांधा त्यांनी चाळून काढला,
वितळवून कुणाच्या तरी कामी येईल.
बाकी सगळा काळाभोर, भुसभुशीत,
जानेवारीच्या थंडीत वाफाळणारा.
मी हात घातला. मनगटापर्यंत.
एवढ्या जवळ आम्ही कधी उभेही राहिलो नव्हतो.

बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या खिडकीत बाईनं विचारलं,
ट्रक, आणि माणसं किती?
मागे गाड्यांची रांग.
मी हिशेब करत राहिले.
एकच, म्हटलं शेवटी,
आणि फुकट नेलं त्यांना,
एकतीस वर्षं जे याच बोटीच्या इंजिनखोलीत
डिझेलच्या वासात उभे राहिले,
समुद्र ज्यांनी फक्त कानांनी पाहिला.
सगळ्यात पुढे लावला ट्रक, साखळीपाशी.
ताडपत्रीचं एक टोक सोडलं.
खाली इंजिन सुरू झालं
आणि ढिगाच्या माथ्यावरून चार कण घरंगळले.
तिसऱ्या सिलिंडरचा आवाज बरोबर नव्हता.
मलाही कळलं.

चाकांना पाचर लावणारा म्हणाला,
झकास माती. कुठून आणली?
घरचीच, म्हटलं.

आईचं आधीच ठरलं होतं: भाजीपाल्याला नाही.
सफरचंदाच्या झाडाला, उरली तर कुंपणाकडच्या नेच्यांना.
खोरं तिनं कुणाला दिलं नाही.
मग शेजारच्या ओकामोटोबाई आल्या, दोन बादल्या घेऊन,
मोकळ्या हातानं कसं यायचं म्हणून मुळ्याच्या लोणच्याची बरणी.
माझ्या स्ट्रॉबेरीला द्या, म्हणाल्या,
एल्डन दर जूनमध्ये रात्री येऊन चोरून खायचा,
आता दिवसा येऊ दे.
तुम्हाला माहीत होतं? आईनं विचारलं.
सगळ्यांना माहीत होतं.
तिनं एक बादली भरून दिली.
दुसरी रिकामीच परत केली.
अंधार पडताना कुंपणापाशी गेली
आणि ती मागून घेतली.

शनिवारी त्याच ट्रकमधून मी सरपण आणलं.
फळ्यांच्या फटींत, मागच्या दिव्याखाली,
थोडे बाबा अजून होते.
ग्रेडी आला होता, लाकडं उतरवायला.
बराच वेळ ट्रकच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला.
हा धुवायला हवा, म्हणाला.
धुईन, म्हटलं.
नको, म्हणाला, सध्या पाणी थंड आहे.